चार अणूंचं कडं

पोरी, काउंटरवर उभी राहशील त्याआधी एक आकृती वहीत न बघता काढता आली पाहिजे: पेनिसिलिनचा गाभा. परीक्षेला काढलीस, मार्क पडले, विषय संपला असं समजू नकोस. मी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे केली. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गोळी पाकिटातून काढून डबीत भरू नका, मुदत संपली की उरलेलं ओतून द्या, ही दोन इंजेक्शनं एका सलाइनमध्ये घालू नका, असं जे जे मी पेशंटला आणि नर्सताईंना सांगत आले ते सगळं त्या एका आकृतीतून निघतं. पाठ केलेल्या सूचना संध्याकाळच्या गर्दीत हटकून गळतात. कारण ठाऊक असेल तर जीभ आपोआप वळते. म्हणून तुझ्या आत्याचा पहिला कानमंत्र हाच, की आधी आकृती काढ.

एक चौकोन काढ. तीन कोपऱ्यांत कार्बन, चौथ्यात नायट्रोजन. नायट्रोजनच्या एका बाजूच्या कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोड. हे झालं बीटा-लॅक्टम कडं. आता नायट्रोजन आणि त्याच्या दुसऱ्या बाजूचा कार्बन यांना जोडणारी रेघ सामाईक धरून तिच्यावर एक पंचकोन काढ आणि त्याच्या एका कोपऱ्यात गंधक बसव. हे थायाझोलिडिन कडं. दोन्ही मिळून सात अणूंचा सांगाडा. गंधकाशेजारच्या कार्बनवर दोन मिथाइल गट, पंचकोनात नायट्रोजनशेजारी असलेल्या कार्बनवर कार्बोक्सिल आम्ल, आणि चौकोनात ऑक्सिजनवाल्या कार्बनच्या शेजारी एक अमिनो गट. इतकं काढलंस की ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल तयार. औषध कारखान्यांत त्याला नुसतं सिक्स-एपीए म्हणतात.

त्या अमिनो गटाला जी शेपटी जोडावी तसं औषध बदलतं. बेन्झिलची शेपटी जोडली की पेनिसिलिन जी, फिनॉक्सिमिथाइलची जोडली की पेनिसिलिन व्ही. अँपिसिलिनची शेपटी आणि अमॉक्सिसिलिनची शेपटी यांत फरक फक्त एका हायड्रॉक्सिल गटाचा. क्लॉक्सासिलिन, पिपरॅसिलिन यांच्या शेपट्या जाडजूड. गाभा सगळ्यांचा तोच. गाभ्यावरून घराणं ओळखायचं आणि शेपटीवरून स्वभाव.

हा गाभा इतका काम का करतो, ते नीट समजून घे, कारण पुढचं सारं याच्यावर उभं आहे. कार्बनच्या बंधांना एकमेकांपासून ऐसपैस कोन लागतो, १०९ अंशांचा किंवा १२० अंशांचा. चौकोनात त्यांना नव्वदीच्या आसपास दाबून बसवलेलं असतं. पतंगाची कमान दोऱ्याने ताणून बांधलेली असते, दोरा तुटला की ती ताडकन सरळ होते. तसा ताण या कड्यात भरलेला आहे. त्यात आणखी एक गोष्ट. साध्या अमाइडमध्ये नायट्रोजन सपाट बसतो आणि आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या कार्बनला उसने देतो, त्यामुळे तो बंध चिवट होतो. आपली प्रथिनं टिकतात ती याच चिवटपणामुळे. पण इथे पंचकोन चिकटल्यामुळे नायट्रोजनला सपाट बसताच येत नाही. उसनवारी तुटते, आणि ऑक्सिजनवाला कार्बन उघडा पडतो. इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येणारा कोणताही गट त्याच्यावर चढाई करू शकतो, आणि तशी चढाई झाली की कडं उघडतं. जंतू मरतो ते कडं उघडल्यामुळे, आणि बाटलीतलं औषध वाया जातं तेही कडं उघडल्यामुळेच. कडं जंतूपाशी पोहोचेपर्यंत मिटलेलं ठेवणं, एवढंच आपलं काम आहे.

जंतूपाशी काय घडतं ते थोडक्यात सांगते. जीवाणूच्या बाहेर पेप्टिडोग्लायकनची भित्तिका असते. तिचे धागे एकमेकांत गुंफण्याचं शेवटचं काम एक एंझाइम करतं. ते आपल्या सेरीन नावाच्या अमिनो आम्लाने डी-अ‍ॅलानिन-डी-अ‍ॅलानिन ही जोडी पकडतं, एक अ‍ॅलानिन सोडून देतं आणि दुसऱ्या धाग्याशी सांधा जुळवतं. पेनिसिलिनचा गाभा आकाराने त्या जोडीशी मिळताजुळता आहे, हे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली मांडलं. एंझाइम फसतं, सेरीन कड्यावर चढाई करतं, कडं उघडून सेरीनला चिकटतं आणि चिकटूनच राहतं. एंझाइम कायमचं अडकलं. वाढणाऱ्या जंतूची भित्तिका विणली जात नाही आणि तो फुटतो.

यातून तुझ्या काउंटरसाठी दोन गोष्टी निघतात. माणसाच्या पेशीला अशी भित्तिका नाही, म्हणून हे घराणं आपल्याला इतकं सोसतं. पण विषाणूलाही ती नाही, आणि मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूलाही नाही. त्यामुळे नाक गळतंय, अंग मोडून आलंय, ‘दोन अमॉक्सिसिलिन द्या, मागच्या वेळी बरं वाटलं होतं’ असं कुणी म्हणालं, तर देऊ नकोस. चिठ्ठीशिवाय ते विकणं कायद्याने चूक आहेच. शिवाय त्या माणसाच्या सर्दीत या कड्याला पकडायला एंझाइमच नाही. गिऱ्हाईक रागावेल, शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ दे.

दुसरी गोष्ट वेळेची. ही औषधं एकदम जास्त दिल्याने जास्त काम करत नाहीत. रक्तातली त्यांची पातळी एका रेषेच्या वर किती वेळ राहते, यावर गुण अवलंबून असतो, आणि मूत्रपिंड त्यांना भराभर बाहेर टाकतं. म्हणून ‘दिवसातून तीनदा’ एवढंच सांगून भागत नाही. लोक सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री आठला घेतात; मग रात्रीचे बारा तास रिकामे. अमॉक्सिसिलिन तीनदा लिहिलं असेल तर सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, असे घड्याळातले आकडेच पाकिटावर लिहून दे. अक्षर मोठं काढ. म्हाताऱ्या माणसाला दिवसाउजेडाशिवायही वाचता आलं पाहिजे.

ही आकृती खरी ठरली कशी, ती हकीकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. फ्लेमिंगला लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशी दिसली १९२८ साली. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० साली उंदरांवर गुण दाखवला. औषध माणसांना देऊ लागले, जखमी सैनिक वाचू लागले, तरी रेणूचा आकार कुणालाच नक्की ठाऊक नव्हता. अब्राहम आणि चेन म्हणत होते की यात चार अणूंचं कडं आहे. ऑक्सफर्डमधलेच रॉबर्ट रॉबिन्सन, त्या काळचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ, म्हणत होते की नाही, पाच अणूंची दोन कडी एका बंधाने जोडलेली आहेत. इतकं ताणलेलं कडं निसर्गात टिकेल यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. संशोधन युद्धामुळे गुप्त होतं.

वाद मिटवला डोरोथी हॉजकिन यांनी. त्या पस्तिशीच्या होत्या, लहान मुलं घरात, आणि संधिवाताने हात आखडू लागलेले. पेनिसिलिनच्या पोटॅशियम आणि रुबिडियम क्षारांचे स्फटिक घेऊन त्यांनी आणि बार्बरा लो यांनी क्ष-किरणांची चित्रं काढली. सोडियम क्षारावर आयसीआय कंपनीत चार्ल्स बन काम करत होते. आजच्यासारखा संगणक नाही. ठिपक्यांच्या काळसरपणावरून आकडेमोड करत अणूंच्या जागा ठरवायच्या. १९४५ साली चित्र स्पष्ट झालं आणि त्यात चौकोन होता. त्या वेळी कुठलीही रासायनिक कसोटी हा प्रश्न निर्विवाद सोडवू शकली नव्हती. त्यांनी तो अणूंच्या जागा मोजून सोडवला. त्यांना १९६४ साली नोबेल मिळालं. तू ती आकृती काढतेस तेव्हा तिची प्रत्येक रेघ या बाईंच्या मोजमापातून आलेली आहे, हे लक्षात ठेव. मला या हकीकतीचं आजही फार अप्रूप आहे.

प्रयोगशाळेत अथपासून इतिपर्यंत पेनिसिलिन बनवायला १९५७ साल उजाडलं. अमेरिकेत जॉन शीहान यांनी पेनिसिलिन व्ही बनवून दाखवलं. पण कारखान्यांना त्या वाटेची गरज पडली नाही, कारण बुरशी हा गाभा आपल्यापेक्षा स्वस्तात बांधते. सिस्टीन आणि व्हॅलीन या अमिनो आम्लांपासूनच दोन्ही कडी तयार होतात. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या माणसांनी नुसता गाभा वेगळा काढला, आणि मग एकामागून एक शेपट्या जोडता आल्या: मेथिसिलिन, १९६१ साली अँपिसिलिन, १९७२ साली अमॉक्सिसिलिन. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. आपल्या कितीतरी रुग्णालयांत पेनिसिलिन पोहोचलं ते तिथून. आज मात्र आपल्या कॅप्सुलांमधल्या या गाभ्याचा मोठा भाग चीनहून येतो. याची मला काळजी वाटते, आणि तुझ्या पिढीने ती करायला हवी.

आता दुकानात ये. कड्याचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जवळचा शत्रू म्हणजे पाणी. पाण्याचा रेणू त्या उघड्या कार्बनवर हळूहळू चढाई करतो, कडं उघडून पेनिसिलोइक आम्ल होतं आणि औषधाचा गुण जातो. म्हणूनच मुलांचं अमॉक्सिसिलिन बाटलीत कोरडी पूड म्हणून येतं. आईच्या हातात ती बाटली देताना घाई करू नकोस. बाटली उलटसुलट आपटून पूड आधी मोकळी करायला सांग. सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तेच पाणी घालायचं. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. कोमट घालू नका हे दोनदा सांग, कारण सर्दीचं मूल म्हणून बाया हमखास कोमट घालतात, आणि उष्णतेने कडं लवकर उघडतं. आधी अर्ध्यापर्यंत पाणी, मग जोरात हलवणं, फेस बसू देणं, आणि मग खुणेच्या रेघेपर्यंत पाणी. एकदम रेघेपर्यंत भरलं आणि मग पूड विरघळली की पातळी खाली जाते. काही जण तसंच ठेवतात आणि प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा कडक होतो. दर डोसाआधी हलवायचं. मापाने द्यायचं, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही.

बाटलीवर पाणी घातल्याची तारीख लिहायला पेन तूच पुढे कर. मुदत लेबलवर असते, कुठे सात दिवस, कुठे चौदा. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेलं सिरप फ्रिजमध्येच आणि सात दिवसच. फ्रिज नाही असं कुणी सांगितलं तर ओशाळू देऊ नकोस. तसं डॉक्टरांना फोन करून सांग, ते पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या लिहून देतील किंवा दुसरं औषध बदलून देतील. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली फ्रिजइतकी गार नसते. आणि उरलेलं सिरप पुढच्या आजारपणासाठी ठेवायचं नाही. महिन्याने त्या बाटलीत गुलाबी गोड पाणी उरलेलं असतं, औषध किती उरलंय ते सांगता येत नाही.

क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाबद्दल वेगळं सांगते, कारण आता निम्म्या चिठ्ठ्यांवर ते असतं. काही जंतूंनी कडं फोडणारं एंझाइम कमावलं. त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. तेही बहुधा सेरीननेच चढाई करतं, पण पाण्याच्या मदतीने सुटतं आणि पुढच्या रेणूवर जातं. अब्राहम आणि चेन यांनी असं एंझाइम १९४० सालीच नोंदवलं होतं, पेनिसिलिन बाजारात यायच्याही आधी. स्ट्रेप्टोमायसेस क्लॅव्ह्युलिजेरस या जंतूपासून मिळालेल्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लातही तेच चौकोनी कडं आहे, फक्त पंचकोनात गंधकाऐवजी ऑक्सिजन. ते स्वतः जंतूला फारसं मारत नाही. फोडणाऱ्या एंझाइमला ते गुंतवून निकामी करतं, आणि तोवर अमॉक्सिसिलिन आपलं काम करून घेतं.

हा रेणू अमॉक्सिसिलिनपेक्षाही हळवा. हवेतली आर्द्रता त्याला पुरते, आणि कोकणातला किंवा मुंबईतला जुलै तर विचारूच नकोस. म्हणून ती गोळी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात येते, कधी सोबत ओल शोषणारी पुडी असते. तीनच गोळ्या हव्यात म्हणून कुणी पट्टी कापायला सांगितली, तर कप्प्याला धक्का लागणार नाही अशी कापता आली तरच काप. गोळ्यांच्या सात खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवणारे आजोबा असतील, तर ही एक गोळी पट्टीतच ठेवायला सांग. फुगलेली, तपकिरी डाग पडलेली गोळी दिसली तर परत घे.

इथे एक हिशेब पक्का कर. ६२५ म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १२५ मिलिग्रॅम. ३७५ म्हणजे २५० आणि तेच १२५. ‘६२५ नाही, तर ३७५च्या दोन द्या’ असं कुणी म्हणालं तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट होतं, आणि जुलाब बहुतेक त्यानेच लागतात. एक ग्रॅमच्या गोळीत ८७५ आणि १२५ असतात. बेरीज बघून गोळी बदलू नये, आतले दोन्ही आकडे बघावेत. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांग. पोटाला त्रास कमी होतो आणि शोषणही चांगलं होतं.

जेवणाचा विषय निघालाच, तर जठरातल्या आम्लाचं. आम्लात शेपटीतलाच ऑक्सिजन वळून कड्यावर चढाई करतो, म्हणून पेनिसिलिन जी तोंडाने देऊन उपयोग नाही, ते सुईनेच द्यावं लागतं. पेनिसिलिन व्हीच्या शेपटीत इलेक्ट्रॉन ओढून धरणारा एक ऑक्सिजन आहे, अँपिसिलिनच्या शेपटीत अमिनो गट आहे. त्यांनी ती चढाई थोपते आणि कडं जठर पार करतं. तरी अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी. अमॉक्सिसिलिनला जेवणाचं बंधन नाही. चिठ्ठीवर तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून सांगते.

छोट्या नर्सिंग होमला तू माल पुरवशील, तिथल्या मुलींशी बोलायची संधी सोडू नकोस. जेंटामायसिन किंवा अमिकासिन हे पेनिसिलिनबरोबर एका सिरिंजमध्ये किंवा एका बाटलीत मिसळायचं नाही. त्यांच्यात अमिनो गट आहेत, ते कड्यावर चढाई करतात, आणि दोन्ही औषधं वाया जातात. शरीरात दोघांची जोडी उत्तम चालते, पण द्यायची वेगवेगळी. अँपिसिलिनची पूड पाण्यात मिसळली की तासाभरात वापरायची. साखरेच्या सलाइनमध्ये ती आणखी लवकर बिघडते, म्हणून साधं मिठाचं सलाइन. सकाळी एकदम चार कुप्या कालवून ठेवण्याची सवय कुठे दिसली, तर गोड शब्दांत मोड.

आता अ‍ॅलर्जी. इथे घाई म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून पाय रोवून ऐक.

कडं आपल्या शरीरातही उघडतं. प्रथिनांवरच्या लायसीनचा अमिनो गट त्याच्यावर चढाई करतो, उघडलेलं पेनिसिलिन प्रथिनाला चिकटतं, आणि काही जणांचं शरीर त्या जोडगोळीला परकं समजून पेटून उठतं. मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. त्यामुळे या घराण्यातलं कोणतंही औषध हातात देण्याआधी विचार: ‘पूर्वी कधी औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का?’ चिठ्ठी मोठ्या डॉक्टरांची असली तरी विचार. तेच औषध चार वेळा नेलं असलं तरी विचार. ‘पेनिसिलिन’ हा शब्द पेशंट ओळखेलच असं नाही. ब्रँडच्या नावात त्याचा मागमूस नसतो. पट्टीच्या मागे ‘सिलिन’ने संपणारं नाव शोध आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारख्या जोड्याही त्याच घराण्यात धर.

‘हो’ म्हणाले तर तिथे थांबू नकोस. कोणतं औषध, काय झालं, घेतल्यावर किती वेळाने, किती वर्षांपूर्वी, हे चार प्रश्न विचारून कागदावर लिही आणि डॉक्टरांना फोन कर. जुलाब झाले, मळमळलं, ही अ‍ॅलर्जी नव्हे. एका विषाणूच्या तापात, ज्यात मानेला गाठी येतात आणि घसा सुजतो, अमॉक्सिसिलिन घेतल्यावर अंगभर पुरळ येतं, तीही बहुतेकदा खरी अ‍ॅलर्जी नसते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहा जणांची रीतसर तपासणी केली तर नऊहून अधिकांना ती नसते, आणि खरी असलेल्यांपैकीही बहुतेकांची दहाएक वर्षांत ओसरते. पण ते ठरवणं तज्ज्ञाचं काम. तू फक्त नीट माहिती पोहोचव. उगीच चिकटलेला अ‍ॅलर्जीचा शिक्काही माणसाचं नुकसान करतो. साधं, स्वस्त, गुणाचं औषध सोडून त्याला आयुष्यभर महागडी आणि जास्त त्रासाची औषधं घ्यावी लागतात.

मग ‘सेफ’ने नाव सुरू होणाऱ्या गटातली औषधं चालतील का, हे तुला रोज विचारलं जाईल. तिथेही चौकोन तोच, फक्त पंचकोनाच्या जागी सहा अणूंचं कडं. पूर्वी शंभरात दहा जणांना दोन्हींचा त्रास होतो असं शिकवत. आता तो आकडा दोनच्या आसपास धरतात, आणि खरा निकाल शेपटीवर लागतो हे कळलं आहे. सेफालेक्सिनची शेपटी अँपिसिलिनची, सेफाड्रॉक्सिलची शेपटी अमॉक्सिसिलिनची. अमॉक्सिसिलिनने ओठ सुजलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर सेफाड्रॉक्सिल दिसलं, तर पट्टीला हात लावण्याआधी फोन. सेफाझोलिनची शेपटी मात्र कुणाशीच जुळत नाही.

आणखी एक गोंधळ निस्तर. ‘मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे’ असं सांगणाऱ्या माणसाला पेनिसिलिन चालतं. पंचकोनात गंधक आहे हे खरं, पण सल्फा औषधांतला सल्फोनामाइड गट त्यात नाही. गंधक तर आपल्या प्रथिनांतही आहे. शिकलेली माणसंही इथे अडखळतात.

दुकानात इंजेक्शन टोचू नकोस आणि ओळखीच्या कुणाला टोचू देऊ नकोस. अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी, प्राणवायू, पेशंटला आडवं करायला जागा आणि हे सगळं वापरता येणारा माणूस जिथे आहे तिथेच पेनिसिलिनची सुई द्यायची. टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. सुईनंतर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवायचं.

कडं फोडणाऱ्या एंझाइमांबद्दल एकच सांगते. जस्ताच्या अणूच्या मदतीने पाण्याकडून कडं फोडून घेणाऱ्या एका एंझाइमला आपल्या राजधानीचं नाव मिळालं आहे, एनडीएम-१. त्याची नोंद २००९ची. ते कार्बापेनेमसारखी शेवटची राखून ठेवलेली औषधंही फोडतं. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर २०१४ पासून ठेवावं लागतं ते याच भीतीने. निरीक्षक येईल म्हणून ते भरू नकोस. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, संख्या, रोजच्या रोज स्वतः लिही. तीन वर्षं जपून ठेव.

शेवटचं सांगणं एका जुन्या, स्वस्त कुपीबद्दल. बेन्झाथिन पेनिसिलिन, बारा लाख युनिट. गाभा तोच पेनिसिलिन जीचा, पण असा क्षार केलेला की पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मांडीत किंवा कुल्ल्यात दिलं की आठवडे न् आठवडे झिरपत राहतं. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला ते दर तीन किंवा चार आठवड्यांनी लागतं, किमान पाच वर्षं, हृदयाची झडप बिघडली असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. ज्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे हा आजार होतो त्याने इतक्या दशकांनंतरही कडं फोडणारं एंझाइम कमावलेलं नाही. म्हणजे १९४०च्या दशकातलं पेनिसिलिन त्याच्यावर आजही चालतं. ते कालवल्या कालवल्या लगेच द्यायचं, नाहीतर सुईत अडकतं. आणि ते फक्त स्नायूत, शिरेत कधीही नाही, शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. हे कुपी देताना प्रत्येक वेळी तोंडाने सांग.

त्यात नफा जवळजवळ नाही, म्हणून पुष्कळ दुकानं ते ठेवत नाहीत आणि ते बनवणारेही मोजकेच उरले आहेत. मग आई मुलाला घेऊन चार दुकानं फिरते, एक तारीख चुकते, दुसरी चुकते, आणि ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडते. तू ते ठेव. सहा कुप्या कायम रॅकवर असू देत. ज्या मुलांना ते लागतं त्यांच्या तारखा वहीत लिहून ठेव, आणि तारखेच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी फोन कर.